काकांना बोलणारा कॉम्प्युटर हवा होता

खोपटला एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत मी खोली भाड्याने घेतली, त्या पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला, "मी आता उठलो आहे. मोरीकडे निघालो आहे." थोड्या वेळाने, "तोंड धुऊन झालं. टॉवेल खुंटीवर ठेवला." मग, "दूध वर यायला लागलं आहे, गॅस बारीक करतो." मी अंथरुणात बसून ऐकत होतो. साताऱ्याहून नोकरीसाठी नुकताच आलेलो. शहरात तऱ्हेवाईक माणसं भेटतात हे ऐकून होतो, पण घरमालकच तसा निघावा याचं जरा वाईट वाटलं. डिपॉझिट देऊन झालं होतं, त्यामुळे इलाज नव्हता.

दोन दिवसांनी काही कारणाने शेजारचं दार वाजवलं. काकींनी उघडलं. त्या माझ्याकडे न बघता माझ्या खांद्याच्या वरून कुठेतरी बघत होत्या. "नवीन भाडेकरू ना? चपला उजवीकडे काढ रे, डावीकडे माझी बादली आहे." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लहानपणी देवी आल्या होत्या, त्यात काकींची दृष्टी गेली होती. काका वेडे नव्हते. घरात आपण कुठे आहोत, काय करतो आहोत, हे ते बायकोला कळवत होते.

काका खोपटच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांच्या घोषणा तेच करायचे. त्यांचा आवाज भारदस्त वगैरे नव्हता, स्वच्छ होता. महाड, पोलादपूर, गुहागर, देवरुख ही नावं ते अशी उच्चारायचे की प्रवाशाला आपल्या गावाचा मान राखल्यासारखं वाटावं. एखादं अक्षर घसरलं तर सगळी घोषणा पुन्हा पहिल्यापासून करायचे, मग तोवर गाडी सुटली तरी चालेल. सहकारी चेष्टा करत. काका म्हणत, "गावाचं नाव चुकलं तर माणूस कुठे उतरेल?"

अशा माणसाने लहानपणीच दृष्टी गेलेल्या बाईशी लग्न का केलं, हे मी एकदा तरुणपणाच्या आगाऊपणात विचारलं होतं. "मला बडबड करायला कोणीतरी हवं होतं," एवढंच ते म्हणाले आणि समोरचं वर्तमानपत्र उघडलं. वर्तमानपत्र ते रोज काकींना पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवत. अग्रलेख, हवामान, नाव बदलल्याच्या जाहिराती, टेंडर नोटिसा, सगळं. काकी भाजी निवडता निवडता ऐकत आणि मध्येच म्हणत, "त्या पुलाचं टेंडर मागच्या महिन्यात पण आलेलं." मूलबाळ नव्हतं. घरात माणसं दोन आणि आवाज बहुतेक एकच.

त्यांची आणखी एक खोड सांगायला हवी. कुठलीही वस्तू हातात उचलून तोलल्याशिवाय ते विकत घेत नसत. कलिंगडाचं ठीक आहे, पण काका खुर्ची उचलत, मिक्सर उचलत, नवा पंखा खोक्यासकट उचलून दुकानभर एक फेरी मारत. "जी वस्तू आपल्याला हलवता येत नाही ती आपली नसते, आपण तिचे असतो," असं त्यांचं म्हणणं. दुकानदार वैतागत. काकींना मात्र हे पटायचं, कारण त्यांना घरातली प्रत्येक वस्तू हाताने ओळखायची असे आणि फळीवरचा प्रत्येक डबा ठरलेल्या जागी असे.

निवृत्तीनंतर वर्षभरातच काकांचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणाले, मग खोकला. शेवटी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी घशातली गाठ दाखवली आणि स्वरयंत्र काढायला लागेल असं सांगितलं. डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं तेव्हा काकींना भयंकर राग आला. "विडी नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांड नाही. आयुष्यभर गावांची नावं घेतली यांनी, आणखी काही नाही," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख लिहून दिली.

ऑपरेशन झालं. काका घरी आले ते गळ्याशी एक छिद्र आणि त्यावर पांढऱ्या कापडाचा तुकडा घेऊन. त्या सकाळी मला जाग आली ती शांततेमुळे. भिंतीपलीकडे कोणी उठल्याचं सांगत नव्हतं, दूध वर येत असल्याचं सांगत नव्हतं. मला अक्षरशः रडू आलं. मी तिथला फक्त भाडेकरू होतो.

काकांनी कंबरेला किल्ल्यांचा जुडगा बांधला, म्हणजे ते कुठे आहेत ते काकींना कळावं. एक टाळी म्हणजे हो, दोन टाळ्या म्हणजे नाही. पण हो आणि नाही एवढ्यावर संसार चालत नाही. काकांना लिहिता येत होतं आणि काकींना दिसत नव्हतं. काकी शाळेत गेलेल्या नव्हत्या, त्यामुळे अक्षर ही वस्तूच त्यांना माहीत नव्हती. मग काकांनी शाळेत असते तसली लाकडी चौकटीची पाटी आणली. ते लिहीत, भिंतीवर ठोठावत, मी जाऊन ते मोठ्याने वाचत असे.

सुरुवातीला मजा वाटली. "ते म्हणतात, डाळीत मीठ कमी आहे." मग काकी म्हणत, "त्यांना सांग, वरून घ्या." काका समोरच बसलेले असत, त्यांचे कान शाबूत होते, तरी काकी माझ्यामार्फतच उत्तर देत. सवयच लागली त्यांना. पुढे पुढे भांडणंही माझ्यामार्फत होऊ लागली. एकदा काकी एकट्या देवळात गेल्या आणि येताना गटाराशी अडखळल्या. काकांनी रागाने पाटी भरून लिहिलं. मी वाचताना जरा मऊ केलं, तर त्यांनी पेन्सिल पाटीवर आपटली आणि खाली लिहिलं, 'आहे तसं वाच.' मी आहे तसं वाचलं. माझ्यासारख्या कालच्या पोराच्या तोंडून ते शब्द काकींना ऐकावे लागले. त्या उठून आत गेल्या. काका खजील झाले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस पाटीवर फक्त दूध, भाजी आणि लाईटचं बिल आलं.

मग एक संध्याकाळ आली. काकी दारातल्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. काका त्यांच्या शेजारी बसून पाटीवर बराच वेळ लिहीत होते. त्यांनी मला हाक मारली, म्हणजे किल्ल्या वाजवल्या. मी गेलो, पाटी हातात घेतली. पहिली ओळ वाचायला तोंड उघडणार तोच त्यांनी पाटी माझ्या हातातून काढून घेतली आणि तळव्याने पुसून टाकली.

"काय म्हणाले?" काकींनी विचारलं.

"काही नाही काकी, पुसलं त्यांनी."

काकी मेथी निवडत राहिल्या. काका किल्ल्या सावरत आत गेले. मला तिथे उभं राहणंही नको झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाटी दाखवली. 'तुझ्या ऑफिसात कॉम्प्युटर आहे ना? बोलणारा मिळतो असं पेपरात आहे.' त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'तुझ्यावर राग नाही. पण तिच्याशी बोलायला दर वेळी मधे माणूस नको.'

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होतो. तिथे नुकता कॉम्प्युटर आला होता आणि त्याला हात लावायला न घाबरणारा म्हणून मी तज्ज्ञ ठरलो होतो. माझं ज्ञान म्हणजे सुरू करायचा कसा आणि बंद करायचा कसा. पण काकांच्या गल्लीत तेवढंही कोणाला नव्हतं. मी हो म्हणालो.

काकांनी निघण्यापूर्वी आपल्या अटी पाटीच्या एका बाजूला लिहिल्या आणि बाजारातून परत येईपर्यंत त्या पुसल्या नाहीत. यंत्र परवडलं पाहिजे. उचलता आलं पाहिजे. तिच्यापर्यंत पोचलं पाहिजे. परवडणं म्हणजे काय तेही ठरलेलं होतं. फंडातली काही रक्कम हाताशी होती, आणि काकींच्या नावावर एक ठेव होती. आपल्या मागे तिला कोणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून ती ठेवलेली. तिला हात लावायचा नाही. उचलता येण्याचं कारणही साधं होतं. काकी सकाळी स्वयंपाकघरात, दुपारी ओट्यावर, संध्याकाळी मागच्या दारी. यंत्राजवळ येऊन बसणारी ती बाई नव्हती, यंत्राने तिच्यामागे जायला हवं होतं.

नौपाड्यात आमच्या ऑफिसला माल देणाऱ्या माणसाचं दुकान होतं. त्याने आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि एक नवाकोरा कॉम्प्युटर दाखवला. त्यात साऊंड कार्ड होतं, सोबत दोन स्पीकर होते आणि एक फ्लॉपी. फ्लॉपीतला प्रोग्रॅम चालू केला की आपण टाईप केलेलं कॉम्प्युटर बोलून दाखवायचा, इंग्रजीतून. दुकानदाराने 'गुड मॉर्निंग' टाईप केलं. स्पीकरमधून नाकात बोलणारा एक परदेशी पुरुष गुड मॉर्निंग म्हणाला. काकांनी डोळे मिटून ते ऐकलं. मग उठले आणि त्यांनी तो अवजड मॉनिटर दोन्ही हातांनी उचलला.

"अंकल, अंकल, पडेल तो," दुकानदार धावला.

काकांनी दाराकडे चार पावलं टाकली. गळ्यावरच्या कापडातून श्वासाची शिट्टी वाजायला लागली. त्यांनी मॉनिटर खाली ठेवला आणि मान हलवली.

"उचलायला लॅपटॉप मिळतो ना," दुकानदार म्हणाला, "पण त्याच्या किमतीत असे दोन येतील. ते सोडा. तुम्ही यात मोडेम टाकून घ्या. इंटरनेट आलंय आता. पुढचा जमाना कनेक्टिव्हिटीचा आहे अंकल, अमेरिकेत बसलेल्या माणसाशी बोलाल तुम्ही घरातून."

काकांनी पाटीवर लिहून त्याला दाखवलं, 'अमेरिकेत कोणी नाही. स्वयंपाकघरात आहे.' दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. त्यानंतर त्या भल्या माणसाने मोडेमचं नाव काढलं नाही.

तरी लॅपटॉप बघायचाच असं काकांनी धरलं. डोंबिवलीला एक गृहस्थ आखातातून परत आले होते, त्यांना आपला जुना लॅपटॉप विकायचा होता. काकांचा नियम असा की कुठेही जायचं तर एस.टी.ने. पास होता, आणि रेल्वेत गावांची नावं नीट घेत नाहीत अशी त्यांची तक्रार होती. म्हणून आम्ही खोपटहून कल्याणची गाडी पकडली, पुढे रिक्षा. गाडीत कंडक्टरने काकांना ओळखलं. "साहेब, तुम्ही? किती वर्षांनी. कुठे निघालात?" तो हसत उत्तराची वाट बघत उभा राहिला. काकांनी पाटीवर 'डोंबिवली' लिहिलं. कंडक्टरने पाटी वाचली, गळ्यावरचं कापड बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग तो मागे तिकिटं फाडायला गेला, पण दर थांब्याला येऊन आमच्याजवळ उभा राहत होता. कल्याणला उतरताना त्याने काकांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं.

डोंबिवलीचा लॅपटॉप जाडजूड होता, पण काकांनी तो काखेत मारला आणि गॅलरीपर्यंत जाऊन आले. चेहरा खुलला होता. पुन्हा एकदा जाऊन आले. माझ्या मनात आलं, झालं, आता ठेव मोडणार. कारण किंमत त्यांच्या हातातल्या पैशांच्या बरीच वर होती.

"बॅटरी गेलेली आहे," मालक म्हणाले, "वायर लावूनच चालवावा लागेल. बाकी एकदम फर्स्ट क्लास."

काकांनी लिहिलं, 'बोलतो?'

"नाही हो, यात आवाजाची सोय नाही. कामापुरता आहे, पत्र लिहायला, हिशोबाला."

काकांनी लॅपटॉप टेबलावर नीट सरळ ठेवला. पाटी पुसली आणि लिहिलं, 'मग नको. मुका मी आहेच.' ते त्यांनी फक्त मला दाखवलं, त्या गृहस्थांना नाही. आम्ही आभार मानून निघालो.

येताना ते काही लिहीत नव्हते. खोपटला उतरलो आणि ते स्टँडच्या मधोमध थांबले. वर छताला घोषणांचे कर्णे लावलेले होते. नियंत्रकाच्या केबिनमधून कोणीतरी भराभर गाड्या पुकारत होतं, निम्मी नावं गिळत होतं. काका कर्ण्यांकडे बघत राहिले. मग पाटी काढली. 'यंत्र हलायची गरज काय? माईक केबिनमध्ये असतो. कर्णा फलाटावर.'

झालं, प्रश्न सुटला. नौपाड्याचाच कॉम्प्युटर घ्यायचा, बाहेरच्या खोलीत ठेवायचा आणि स्पीकरच्या वायरी लांबवून एक स्पीकर स्वयंपाकघरात आणि दुसरा ओट्यावर न्यायचा. पैशांत बसत होतं, ठेव शाबूत राहत होती. काकांना तेव्हा इतका आनंद झाला होता की त्यांनी स्टँडवरच मला भजी खाऊ घातली. त्यांना स्वतःला ती खाता येत नाहीत, हे त्यांच्याकडे बघताना माझ्या लक्षात आलं. त्यांना घट्ट काही गिळणं तेव्हाच जड जात होतं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

यंत्र आलं. काकांनी स्वतः स्टुलावर चढून भिंतीला वायरी ठोकल्या. मग आठवडाभर ते एकटेच त्या पेटीशी झगडत होते. ते यंत्र मराठी कुठून बोलणार? 'PANI' लिहिलं की ते भलतंच काहीतरी म्हणे. पण ज्या माणसाने आयुष्यभर देवरुखचा 'ख' सोडला नाही, तो यंत्राला कसा सोडेल? एखादं अक्षर वाढवून, एखादं गाळून ते प्रत्येक शब्द त्याच्याकडून घासून घेत. शेवटी ते यंत्र एखाद्या पाद्र्याने बोलावं तसं पण समजेल असं मराठी बोलू लागलं.

पहिली घोषणा झाली तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात उभा होतो. काकी पोळ्या लाटत होत्या. फडताळावरून तो परका आवाज आला, "मी बाहेर आहे. चहा मिळेल का?"

काकींनी पदर सावरला. "हा कोण मेला?"

"काकाच आहेत काकी. म्हणजे कॉम्प्युटर आहे, पण काका बोलतायत."

"हे असे बोलत नाहीत," काकी म्हणाल्या आणि पोळी तव्यावर टाकली. चहा त्यांनी केला, पण तो नेऊन द्यायला मला सांगितलं.

पुढचे दिवस वाईट गेले. फडताळावरून घोषणा होत राहिल्या, ओट्यावरून होत राहिल्या. काकी ऐकून घेत, काम करत, उत्तर देत नसत. बाहेरच्या खोलीत काकांना त्यांचं उत्तर ऐकूही आलं नसतं, हे काकांच्या लक्षातच आलं नव्हतं. स्टँडवर नियंत्रक बोलतो आणि प्रवासी ऐकतात, परत बोलायची तिथे सोय नसते. शेवटी एके दुपारी ओट्यावरचा स्पीकर काहीतरी म्हणाला आणि काकी उठल्या, भिंतीला हात लावत बाहेरच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"मी काय फलाटावर उभी आहे?" त्या म्हणाल्या. "पूर्वी बोलायचात तेव्हा तुम्ही कुठे आहात ते कळायचं. आता आवाज फडताळावर आणि तुम्ही भलतीकडे. त्यापेक्षा तो पोरगा बरा होता, निदान तुम्ही शेजारी बसायचात."

काका की-बोर्डवर हात ठेवून बसले होते. त्यांनी टाळीही वाजवली नाही. त्यांना काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे. कारण कर्ण्याची ती युक्ती मलाही फार हुशारीची वाटली होती.

मग काकी आत आल्या. चाचपडत त्यांनी स्टूल शोधलं आणि काकांच्या शेजारी बसल्या. "काय करता तरी काय इथे, बघू," म्हणून त्यांनी आपला तळवा काकांच्या हातावर ठेवला. काका एका बोटाने टाईप करत. त्यांनी एक बटण दाबलं. स्पीकर आता दूर होते, तेव्हा मी धावत जाऊन ओट्यावरचा सोडवून आणला आणि टेबलावर ठेवला. यंत्र म्हणालं, "के."

"के म्हणजे?"

मी सांगितलं, "क. काकीतला क."

काकींनी ते बटण स्वतःच्या बोटाने चाचपलं, आजूबाजूला किती बटणं आहेत ते पाहिलं. "आणि की?" काकांनी तेच पुन्हा आणि त्यापाठोपाठ दुसरं दाबलं. "के. आय." काकींनी पहिलं बटण पुन्हा चाचपलं, मग दुसरं. बोललेला शब्द असा तुकड्यातुकड्यांनी ठेवलेला असतो, हे त्यांना त्या वयात पहिल्यांदा कळत होतं. "हे फळीवरच्या डब्यांसारखं दिसतंय," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाची जागा ठरलेली. मग मला येईल."

त्यांना आलं. मला नाही म्हटलं तरी चमत्कारच वाटत होता. वरच्या ओळीत कोण, मधल्या ओळीत कोण, त्या घोकत बसत. काका घशाला किरणांचा शेक घ्यायला मुंबईला जात तेव्हा त्या एकट्या यंत्रापुढे बसून बटणं दाबत आणि ते नाव सांगेल तसं मागे म्हणत. गल्लीतल्या बायका हसायच्या, या वयात म्हातारी इंग्रजी शिकते म्हणून. काकींना इंग्रजीचं काही पडलेलं नव्हतं. संध्याकाळी काका आले की दोघं शेजारी बसत, काकांच्या हातावर काकींचा हात. काका शब्द लिहीत आणि यंत्र बोलायच्या आत पुष्कळदा काकीच बोलून टाकत, "भूक नाही? का नाही?" भिंतीवरचं ठोठावणं कमी झालं. माझी संध्याकाळ मोकळी झाली आणि खरं सांगायचं तर मला ती खायला उठायची.

पण दुखणं थांबलेलं नव्हतं. वर्षभरात ते पुन्हा वर आलं आणि काकांना इस्पितळात ठेवावं लागलं. मोठा वॉर्ड, ओळीने खाटा. मी तिथल्या सिस्टरला विचारलं, कॉम्प्युटर आणून ठेवला तर चालेल का. मी तो रिक्षात घालून आणणार होतो. तिने जागा दाखवली. दोन खाटांमध्ये एक छोटं कपाट मावत होतं, आणि प्लग एकच, तोही ऑक्सिजनच्या कामाचा. "कसं शक्य आहे, तुम्हीच सांगा," ती म्हणाली. तिचं चूक नव्हतं. मला डोंबिवलीचा तो काखेत मावणारा लॅपटॉप आठवला आणि बोलायला न शिकवता त्याला विकायला काढणाऱ्या जगाचा उगीचच राग आला.

म्हणून रविवारी दुपारी भेटीच्या वेळेला मी पाटी पिशवीत घालून गेलो. आता पुन्हा आपलीच गरज लागणार असं धरून चाललो होतो. काका फार वाळले होते. उशाला टेकून अर्धवट बसले होते, आणि काकी खाटेच्या कडेला त्यांना चिकटून बसल्या होत्या. माझ्या चपलांचा आवाज त्यांनी ओळखला. "आलास? बस त्या स्टुलावर."

"काकी, काकांना काही सांगायचंय का? मी वाचतो."

"थांब जरा. बोलतायत ते."

मी बघितलं. काकांचा उजवा हात पांघरुणावर होता आणि काकींचा तळवा त्यावर. काकांचं बोट चादरीवर टेकत होतं, उचलत होतं, जरा वर सरकत होतं, पुन्हा खाली येत होतं. तिथे की-बोर्ड नव्हता. नुसती चादर होती. पण जागा दोघांनाही ठाऊक होत्या. काकी मान किंचित कलती करून बोटाच्या मागे मागे जात होत्या आणि मधूनमधून बोलत होत्या. "हो, दिलं त्याला... नाही, ते नंतर बघू... डॉक्टर काय, म्हणणारच."

आजूबाजूच्या खाटांवर लोकांची ये-जा चालली होती. कोणी डबे उघडत होतं. कोणाचंही या दोघांकडे लक्ष नव्हतं. मी स्टुलावर बसलो तो बसूनच राहिलो.

मग काकांचं बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, पण तेव्हा पाटी काढून घेतली होती तसा या वेळी हात मागे घेतला नाही. बोट पुन्हा चालू लागलं. सावकाश, एकेका जागेवर थांबत. बराच वेळ चाललं होतं ते. काकींचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. एका ठिकाणी त्यांनी काकांचा हात दाबून धरला, म्हणजे पुन्हा लिहा. काकांनी तेवढं पुन्हा लिहिलं.

मग काकी म्हणाल्या, "घरभर, गावभर एवढं बोललात. हे तेवढं कधी बोलला नाहीत, आवाज होता तेव्हा."

काकांनी, एक टाळी वाजवावी तसं, एकदा बोट टेकवलं.

मी उठलो आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.